छत्तीस पानं

पासपोर्ट स्पीड पोस्टानं आला तेव्हा
मी आधी त्याची शिवण तपासली.
सवय.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं
दुसऱ्यांचे पासपोर्ट हातातून गेले,
मोजून आत, मोजून बाहेर,
एक पान कमी भरलं की हॉलची दारं बंद
आणि घरी आमटी गार.
किती माणसं अशी परदेशी धाडली असतील!
मी स्वतः
कॅनडा कॉर्नरच्या पुढे गेलो नाही.

आता त्याच कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
मृण्मयी नावाची मुलगी टेबलावर जहाज उलगडते.
बारा मजले. पोहायचे तलाव तीन.
सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर.
"काका, ही आतली केबिन, स्वस्त आहे, फक्त खिडकी नाही.
आणि ही बाल्कनीवाली."
हेमलता म्हणते, झोपायला खिडकी कशाला?
मी म्हणतो, चौतीस वर्षं ट्यूबलाइटखाली काढली,
बाहेर पाऊस पडतोय हे
मला तुझ्या डब्यातल्या भज्यांवरून कळायचं.
फरक अठ्ठेचाळीस हजारांचा.
तेवढ्यात मोरीची फरशी होते, वर गिझर.
मृण्मयी कॅल्क्युलेटर पुसत बसते.

परतताना रिक्षात आमचा छत्तीसचा आकडा.
ती द्वारकेच्या सिग्नलकडे तोंड करून, मी कांद्याच्या ट्रककडे.
फॉर्मवर मघाशीच वय लिहिलं होतं, त्रेसष्ट:
आकडे तेच, पण तोंडाला तोंड.
हे तिला सांगावंसं वाटलं.
सांगितलं नाही.

यादी मात्र तिनं केली, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर.
भगर, कारण मधेच एकादशी येते.
लवंगा, आलेपाक,
कारण सप्तशृंगीच्या घाटात दुसऱ्याच वळणाला
तिचं डोकं खिडकीबाहेर असतं.
समुद्राला वळणं नसतात, मी म्हणालो.
तुम्हाला काय माहीत?
खरंच, मला काय माहीत.
गंगापूर धरणावर एकदा बोटीत बसलो होतो,
वीस मिनिटं, नारिंगी जॅकेट घालून,
दोन्ही हातांनी कठडा धरून.

जहाजावर एका रात्री म्हणे कोट घालून जेवायचं.
निरोपसमारंभाचा सफारी चालेल का, विचारलं,
तर मृण्मयी "चालेल ना" इतकं हळू म्हणाली
की आम्ही थेट शालिमारला जाऊन कापड बघून आलो.

मधे दिगंबरदादाचं वर्षश्राद्ध.
रामकुंडावर पायरीवर बसलो होतो.
त्र्यंबकला उगवली तेव्हा पश्चिमेचा समुद्र
हाकेवर होता हिच्या,
तरी त्याला पाठ दाखवून निघाली पूर्वेला,
चौदाशे किलोमीटर, दुसऱ्या समुद्राकडे.
त्याच समुद्रात बोट खाली सरकवलं
की नकाशावर पेनांग लागतं.
दादाची चाकांची बॅग अजून त्याच्या कपाटावर आहे,
किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही.
वहिनी म्हणाल्या, घेऊन जा.
मी काही बोललो नाही. हेमलतानं घेतली.

त्या रात्री, दीड वाजला असेल,
"त्या बाल्कनीत खुर्च्या किती?"
दोन.
"समोरासमोर?"
नाही. दोन्ही पाण्याकडे.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाली, "भरा पैसे. मोरी पुढच्या वर्षी."

सकाळी बँकेत जाताना
मुद्दाम प्रेसच्या गेटवरून गेलो,
पासपोर्ट शर्टाच्या खिशात.
पाय आपोआप थबकले, हात वर झाले,
झडतीला व्हायचे तसे.
पहारेकरी नवा, कोवळा पोरगा.
"काही हवंय का, आजोबा?"
नको म्हटलं.
पुढच्या झाडाखाली थांबून पानं मोजली.
छत्तीस.
सगळी कोरी.