मोफत योजना

नारिनमध्ये रात्रीचे अकरा. उलकानच्या पडद्यावर तीन रकाने:
मोफत. महिना बावीस डॉलर.
तिसऱ्यात आकडाच नाही, नुसतं ‘आमच्याशी बोला’.
मधल्यावर पिवळी पट्टी: बहुतेक जण हेच घेतात.

बहुतेक जण म्हणजे कोण?
तिच्या ओळखीत तर एकही नाही.

बावीस डॉलरला कुलूप मिळतं.
मोफतमध्ये सगळं चव्हाट्यावर,
कोड, आकडे, चुकासुद्धा.

आणि चित्र कसलं, तर नदीच्या उंचीचं.
बापाने एकतीस वर्षं रोज सकाळी सातला
पेन्सिलीने टिपलेली;
वह्यांना अजून मेंढीच्या चरबीचा वास.
तिने चाळीस ओळींत ती वाहती केली.

फक्त एका मार्चात रेघ तुटते. नऊ दिवस.
‘रिकाम्या जागा सांधा’ अशी सोय आहे, तीही फुकट.
बोट तिथवर गेलं होतं तिचं.

ओरोझबेक मागे उभा, हातात चहाचा प्याला.
“तुझी आई गेली तेव्हाचं आहे हे.”
मग जरा वेळाने,
“कोणालाही दिसेल?”
“कोणालाही.”

त्याने प्याला ठेवला, चष्मा पुसला,
पडद्याजवळ वाकला.
“मग तारीख नीट लिही. बारापासून.
अकराला मी मोजलं होतं.”