ब्लोहोल

प्रांजलच्या वहीत समुद्राचं पान कोरं होतं.
'ओहोटीनंतर खडकातल्या डबक्यांत
कोण कोण राहतं? पाहून चित्रे काढा.'
पाहून, म्हणे.
कोल्हापुरातनं समुद्र म्हणजे गगनबावड्याचा घाट
आणि दोन दिवसांची रजा.
आमच्या भट्टीला रजा ठाऊक नाही.

वाळू मला माहीत आहे, पण ती शिरोलीतली.
काळी, कोळशाच्या वासाची,
मुठीत दाबली की बोटांचे ठसे धरून ठेवणारी.
तिच्यात शिंपले नसतात.

मग श्रावणातल्या एका रविवारी, थर्ड शिफ्ट संपवून,
न झोपताच तिला स्प्लेंडरवर मागं बसवलं.
पन्हाळ्याच्या पुढं, मसाईच्या पठारावर.
'समुद्र कुठाय?'
'डबकी तर हाईत,' मी म्हणालो.

धुकं होतं. गवत वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेलं.
आणि काळ्या-तांबड्या दगडात जागोजाग
वाटीएवढी, परातीएवढी,
एक तर बैलगाडी मावेल एवढं,
सगळी काठोकाठ.

पहिल्या डबक्यात आमचीच तोंडं.
'सावली काढा आधी पाण्यावरनं,'
मागनं कुणीतरी म्हणालं.
जनू झोरे. म्हशींमागं आलेले, डोक्यावर घोंगड्याची खोळ.
'बसा. गप बसा. मग येत्यात.'

बसलो.
आधी काहीच नाही.
मग तळाशी चिखलाचा एक ठिपका चालायला लागला.
मग बेडकाची पोरं,
नुकते पाय फुटलेली, कुठं जायचं ते न ठरलेली.
फटीत एक मुठा,
एक नांगी मोठी, एक लहान,
डोळे बाहेर काढून आमचा हिशोब करणारा.

आणि मग ते.
नखाएवढं.
काचेचं म्हणावं, तर काच जाड वाटेल.
पाठीवर पोहत होतं, पोट आभाळाकडं,
पायांच्या दोन्ही रांगा हलत होत्या
गव्हातनं वारा जावा तशा.
शेपटीचं टोक तेवढं तांबडं,
निवत आलेल्या लोखंडाचं असतं तसं.
'बाबा, त्याच्या आतलं दिसतंय.'
दिसत होतं.
एक काळी रेघ, त्यानं खाल्लेली.
आणि पिशवीत दाणे, पुढच्या सालाचे.

'उताणं,' जनू म्हणाले. 'आमी उताणंच म्हणतो त्येला.
उन्हाळ्यात हितं धूळ असती नुसती, म्हसरं तुडवत्यात.
पाणी साचलं की ही हजर.'
'कुठनं येतात?' प्रांजलनं विचारलं.
'येत न्हाईत गं. हितंच असत्यात की.'

मी दगडावर हात फिरवला, रोजच्या सवयीनं.
छिद्रंच छिद्रं. बुडबुडे अडकून राहिलेले.
हा ओतीव माल आहे, तेव्हा लक्षात आलं.
कधीतरी इथनं लालभडक वाहिलं असणार
आणि वाफेला वाट मिळाली नसणार.
आमच्याकडं याला ब्लोहोल म्हणतात.
असा पीस निघाला
की खडूची फुली, आणि परत भट्टीत.
वीस वर्षांत किती फुल्या मारल्या असतील मी.

प्रांजलनं आठ चित्रं काढली. उताण्याला अख्खं पान.
बाईंनी लाल पेनानं लिहिलं,
'छान. पण हे समुद्रातले नाहीत.'
तिनं खाली पेन्सिलीनं लिहिलं,
'नाहीत.'

चैत्रात पुन्हा गेलो. तिचाच हट्ट.
डबकं नव्हतं.
त्याच्या जागी भेगा, म्हशीचा वाळलेला खूर,
आणि चिमटीत धरवणार नाही इतकी बारीक धूळ.
प्रांजल काठावर गुडघे टेकून बसली,
सावली बाजूला घेऊन,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
मी जवळ जायला निघालो.
'बाबा, पाय देऊ नका!'

मी होतो तिथंच
एका पायावर थांबलो.