एच. मॉवर

भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी होती,
तिच्यावर निळ्या शाईत: एच. मॉवर.
आत बटाटे, वर चीजची साय जरा करपलेली,
झाकणावर चिठ्ठी:
‘मांस नाही. अंडंही नाही. विचारून घेतलंय.’
कुणाला विचारलं, देव जाणे.
सात महिन्यांत मी या गावात
पोस्टातल्या बाईशिवाय कुणाशी
चार वाक्यं बोलले नव्हते.
पण दारात ॲम्ब्युलन्स उभी राहिली की
लाउथसारख्या गावात
भिंतींना कान नाही, हात फुटतात.

दुसऱ्या दिवशी घरी आले
तर कचऱ्याचा डबा रिकामा होऊन जागेवर,
आणि पायरीवर मीठ.
चरकलेच.
कुणी दृष्ट काढून टाकली की काय आमच्या दारात?
मग कळलं, रात्री बर्फ गोठतो,
माझा पाय घसरू नये म्हणून.
म्हणजे तसं पाहिलं तर
दृष्टच काढलेली.

ग्रिम्सबीचं हॉस्पिटल सोळा मैल.
मिस्टर प्लॅस्किट रोज न्यायचे,
बीटच्या लॉरीवर जन्म काढलेला माणूस,
गाडीला ओल्या कुत्र्याचा वास.
जाताना एकच वाक्य: ‘पट्टा लावला ना?’
येताना तेही नाही.
मी वर यांच्या छातीवरच्या तारा बघत बसायची,
ते खाली शब्दकोडं सोडवत.
एकदा मी म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू,
तर आरशात बघत म्हणाले,
‘चॅपलमध्ये बायको प्रार्थना करते.
मी गाडी चालवतो.’
आणि गिअर बदलला.

बटाटे अळणी होते, खोटं कशाला बोलू.
सिंकपाशी उभ्यानं खाल्ले,
दुसऱ्या घासाला वरून लसणाची चटणी.
डोळ्यांत पाणी आलं ते चटणीचं,
असं मी ठरवून टाकलं.

हे घरी आले. भिंत धरून जिना चढू लागले.
भांडं घासून ओट्यावर पालथं घातलेलं, रोज दिसायचं.
रिकामं भांडं परत द्यायचं नसतं.
बेसनाच्या वड्या थापल्या,
रविवारी चॅपलच्या मागच्या दारानं गेले,
चहाच्या किटलीपाशी विचारलं,
मिसेस मॉवर कुठे भेटतील?

सगळ्या गप्प.
मग ग्लेनिस नावाची बाई
बशीवर चमचा ठेवत म्हणाली,
‘हिल्डा होय? दफनभूमीत, नळाच्या डाव्या हाताला.
अकरा वर्षं झाली.’

शेवटचं कुणाच्या तरी बाळंतपणात दिलं होतं तिनं ते.
परत न्यायला गेले तोवर ती नव्हती.
तेव्हापासून ते फिरतंच आहे.
घटस्फोट झाला त्या घरी गेलं,
मुलगा तुरुंगात गेला त्या घरी गेलं,
एकदा नुसतीच बोटीवरची नोकरी सुटली त्या घरी.
पट्टी धुऊन धुऊन निघते,
ज्याच्या हाती निघेल तो नवी लावतो,
नाव तेच लिहितो.
म्हणजे ते निळं अक्षरही हिल्डाचं नव्हतं.
वड्या किटलीपाशीच संपल्या.
भांडं मात्र कुणी घेईना.
‘राहू दे की तुमच्याकडे,’ म्हणाल्या,
‘लागेलच.’

लागलं. मार्चात.
प्रार्थना करणारी गेली, झोपेतच.
मला गाडी येत नाही. मी चालत गेले,
भांडं शालीत गुंडाळून, हातांना चटके बसत होते:
मुगाची खिचडी, तूप, मिरची एकच, तीही चिरून काढलेली.
मिस्टर प्लॅस्किटनी दार उघडलं, एका पायात बूट.
भांडं घेतलं, आधी उचलून बूड पाहिलं.
‘तिखट आहे?’
‘नाही.’
‘असतं तर चाललं असतं,’ म्हणाले,
आणि उभ्यानंच खायला लागले,
कुत्रा पायाशी.

पट्टीचा एक कोपरा सुटलेला दिसत होता.
मी काही बोलले नाही.
पेन होतं माझ्या पर्समध्ये.