आधी उतरण

समोरचा टॉवर उभा राहत होता तेव्हा
त्याच्या पायातून निघालेला मुरूम कुठे टाकायचा
हा बिल्डरचा प्रश्न होता.
मी म्हटलं, टाका इकडे.
तीन दिवसांत एकोणीस डंपर.
वडकीत माझे अकरा गुंठे, एक बोअर, दोन बाभळी,
आणि आता हा एवढा डोंगर.
फडतरे कुंपणावरून म्हणाले, बंगला बांधताय?
म्हटलं, नाही, उडी बांधतोय.

नात तेव्हा अकराची. पालवी.
गाडी पासष्ट सीसी, तिसऱ्या हाताची,
टाकीवर आधीच्या पोराचं नाव, अर्धवट खरवडलेलं.

हणमंतानं जेसीबीवरूनच विचारलं,
साहेब, चढ किती घेऊ?
मी बत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस.
म्हटलं, चढाचं नंतर. आधी उतरण कर.
उडी कुणीही मारतं,
पोरीला जमीन कुठे भेटणार ते अगोदर ठरव.
त्यानं बकेटच्या पाठीनं उतरण थोपटली,
पुन्हा थोपटली,
मग खाली उतरून बुटानं दाबून पाहिली.

नुसता मुरूम टिकत नाही, निसटतो.
नुसती काळी माती उन्हात भेगाळते, पाण्यात चिकटते.
दोनास एक, वर भाताचं तूस:
हे कुणी शिकवलं नाही, तीन बर्म ढासळल्यावर कळलं.
ओल हातानंच बघायची.
मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे,
टिचकी मारली की फुटला पाहिजे.
फुटला नाही तर चाक सरकणार.
वळलाच नाही तर सबनीसांचा फोन.

सबनीस त्या टॉवरच्या सहाव्या मजल्यावर.
धूळ येते, म्हणतात, कपडे वाळत घालता येत नाहीत.
खरं आहे.
ज्या खड्ड्यावर ते राहतात त्याचीच ती धूळ,
हे मी बोललो नाही.
रविवारी एक टँकर जास्तीचा मागवला. साडेआठशे रुपये.

संध्याकाळी पोरं गाड्या टेम्पोत चढवून गेली
की मी दंताळं घेऊन निघतो.
कोण वळणावर घाबरलं, कुणी उशिरा ब्रेक मारला,
सगळं मातीत लिहिलेलं असतं.
चाकोऱ्या बुजवायच्या, एवढंच काम.
सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी
अशी हयात गेलेल्या माणसाला
हे काम मिळावं, याचं मला कधीकधी हसू येतं.

मार्चात टेबलटॉपच्या माथ्यावर
टिटवीनं चार अंडी घातली. घरटं नाही, काही नाही,
खड्यांत खडे.
पालवी चढ घेऊन आली तर समोर ती,
पंख पसरून, हटेना.
पोरीनं इंजिन बंद केलं. गाडी मागं ढकलत खाली आणली.
मी काठ्या रोवून दोरी बांधली,
हणमंतानं बाजूनं वाट काढून दिली, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.
उंचावर घातलीत, म्हणाला, यंदा पाणी बक्कळ.
सव्वीस दिवस माथ्याला पाणी नाही, दंताळं नाही, उडी नाही.

मधेच स्पर्धा आली.
पालवी नेमकी टेबलटॉपलाच कचरली. सातवी.
मी दोष कुणाला द्यावा ते शोधत होतो,
गाडी टेम्पोत बांधत होतो, पट्टा बसत नव्हता.
ती म्हणाली, आबा, आज ऊन फार होतं.
ती पोट भिजवून येऊन बसली असेल ना अंड्यांवर?
मी म्हटलं, बोअरच्या नळाखाली डबकं ठेवलंय मी.
कधीपासून?
पहिल्या दिवसापासून.
मग घरापर्यंत कुणीच काही बोललं नाही.

एका सकाळी माथ्यावर फक्त टरफलं.
माती तडकलेली, कडा ढासळलेली,
दोन दिवसांचं तरी काम.
पिल्लं चढाकडून नाही, उतरणीवरून गेली होती, पायी.
आदल्या रात्रीच्या ओलीत पावलं उठलेली,
इतकी बारीक की वाचायला चष्मा लागला.

वाचली.
मग दंताळं फिरवलं.
चार वाजता पालवी येणार होती.