गुण

आमच्या भाषेत गुण औषधाला येतो,
वाण नाही तरी शेजाऱ्याचा लागतो,
लग्नाआधी छत्तीसांतले जुळवून बघतात,
आणि कधीकधी माणूस ते भर मांडवात उधळतो.
इथे ते बाराशेपैकी असतात.

हे मी बेहनूशला सांगितलं
सास्काटूनबाहेरच्या अंड्यांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
पट्ट्याखाली दिवा असतो. कवचातून उजेड येतो.
तडा दिसला, रक्ताचा ठिपका दिसला, की उचलायचं.
बाकीची पुढे जातात, वजनाने आपापल्या खणात पडतात.
ती तब्रीझची, पुलांची इंजिनिअर.
म्हणाली, इतक्या सगळ्याला एकच शब्द? गरीब भाषा.
दोन ट्रे गेल्यावर म्हणाली,
गरीब नाही. काटकसरी.

वयाचे गुण, पदवीचे गुण,
इंग्रजी ऐकण्याचे वेगळे, बोलण्याचे वेगळे,
एकटी असलीस तर हा तक्ता, नवरा असला तर तो.
नुसत्या नजरेने पूल किती भार पेलेल हे सांगता येतं,
त्याचे शून्य.
त्याचा दाखला कोणी देत नाही.

जेवणाच्या सुट्टीत डार्लीन म्हणाली, माझे मोजा.
डार्लीन कोवालचुक, आमची मुकादम, वय अठ्ठावन्न,
शाळा अकरावीत सोडलेली, फ्रेंच फक्त पाकिटांवरचं.
आम्ही मोजले. तिने पुन्हा मोजायला लावले.
मग टेबल बडवत हसली, डोळे पुसले,
आणि डबा बंद करताना विचारलं,
"मग मला आत कोणी घेतलं?"
तिचे आजोबा आले तेव्हा, म्हणे, एवढंच विचारलं होतं:
थंडी सोसेल का?
त्यांनी हो म्हटलं होतं. खोटं.

ऑक्टोबरात एका रात्री आम्ही दोघींनी
माझ्याच टेबलावर अर्ज भरले.
एकच चार्जर, आळीपाळीने.
माझे पाचशे सात. तिचेही पाचशे सात.
आम्ही टाळी दिली, जुळ्या बहिणींसारखी.
मी बटण दाबलं.
ती दाबणार तेवढ्यात किटली उतू गेली,
मग तिच्या आईचा फोन आला,
मग चहा ओतून तो पिऊनच झाला.

फेब्रुवारीत कटऑफ लागला: पाचशे सात.
त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ,
नेमके इतकेच गुण असणाऱ्यांपैकी
अमुक तारखेच्या
नऊ वाजून चौतीस मिनिटांआधीचे.
माझा अर्ज नऊ सोळाचा.
तिचा नऊ एकोणचाळीस.

मी सांगितलं नाही. पुलांच्या इंजिनिअरला
वजाबाकी सांगावी लागत नाही.
पट्ट्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली,
"ती किटली तुझी होती."
आणि पुढचं अंडं उचललं.

पुढची फेरी लागण्याआधी ती तिशीत गेली.
डार्लीनने केक आणला, तीस मेणबत्त्या मोजून.
तिला काय माहीत, फुंकर मारली की पाच गुण विझतात.
आम्हाला माहीत होतं. बेहनूशने
छाती भरून श्वास घेतला,
बराच वेळ धरून ठेवला,
इतका की लोक हसायला लागले.

आता ती फ्रेंच शिकते. त्याचे गुण भरपूर आहेत.
पॅकिंगमधला मुकेंदी शिकवतो, किन्शासाचा,
पगाराच्या दिवशी तिच्याकडून एक कॉफी घेतो.
मी शेजारच्या पट्ट्यावर ऐकते,
कायमची रहिवासी,
हातात तडा गेलेलं एक.
अंड्याला अफ म्हणायचं, तो सांगतो,
एक असलं तर. तेव्हा फ ऐकू येतो.
पुष्कळ झाली की लिहायचा, उच्चारायचा नाही.
"का?" तिने विचारलं.
मुकेंदी म्हणाला, का ते परीक्षेत येत नाही.

ती पुन्हा म्हणते, एक. मग पुष्कळ.
पुन्हा एक.