सोय

"हान सोय हान लिक," मिसेस क्वोक म्हणतात,
माझगावच्या पार्लरात एकाच बादलीत
तिसरं डोकं धुताना.
पाणी वाचव, बळ वाचव.

मला आधी ऐकू आलं: हाण.
मग सोय. मग लीक,
आणि मी मोरीच्या नळाकडे पाहिलं.

सोय म्हणजे पाणी. पण सूर खालून वर न्यायचा,
जिन्यावरून कळशी नेतो तसा.
सपाट म्हटलं की अर्थ होतो करंटा.
आठवडाभर मी गिऱ्हाइकांसमोर
करंट्यांना वाचवत होते.

शेवटच्या धुण्याचं पाणी फरशीला,
फरशीचं गटाराला, तेवढंच फुकट.
टॉवेल पिळताना त्यांचं मनगट
एकदाच वळतं.

घोडपदेवला नळ पहाटे साडेचारला.
पाचव्या हंड्यापाशी म्हणून पाहिलं.
पारकरवहिनी म्हणाल्या, कुठला गं हा मंत्र?

गुरुवारी विचारलंच:
वाचलेलं पाणी पिंपात.
वाचलेलं बळ कुठे ठेवता?

बाईंनी कात्री पुसली. परत पुसली.
मला खुर्चीत बसवलं, मान मागे घेतली
आणि अख्खी बादली
सावकाश
माझ्या केसांत रिकामी केली.