वाकळीचं पोट

तालमीच्या वरच्या हॉलात सतरंजी अंथरली.
खाली पोरं शड्डू ठोकत होती,
जिन्यातनं तेलाचा आणि तांबड्या मातीचा वास वर यायचा.
नीलाक्षीनं फळ्यावर खडूनं लिहिलं :
'काळ्या माणसांचा इतिहास. येताना जुनी लुगडी आणा.'
मागनं कोणतरी हसलं,
इतिहासाला लुगडी कशाला लागत्यात?

हुसेनबी हल्याळहून आलेली,
पहाटेच्या गाडीनं, बेळगावात बदलून.
पदराखाली न मावणारे कुरळे केस,
बोली कोकणी, कानडी, मराठीच्या शिवेवरची.
सुई दातात धरून म्हणाली :
'आमचे मोठे बोटीतनं आणले, विकले,
काही रानात पळाले, तिथलेच झाले.
कुणाचं नाव काय, कुणी लिवलं नाय.
मला माझ्या आजीपर्यंत ठावं.
त्याच्या मागं…'
आणि तिनं कोऱ्या मांजरपाटाचा एक चौकोन
गुडघ्यावर ठेवून सारखा केला.
'त्याच्या मागं हे.'

कडेनं सुरू झालं. कडेकडेनं आत.
माझं इरकल, विरलेलं.
शेजारच्या सरूबाईच्या नवऱ्याचा पटका.
सुदानच्या इबतिसामची ओढणी, हळदीच्या रंगाची.
इंद्रजित पैलवान चहाला म्हणून वर आला
आणि पहिल्याच टाक्याला अंगठा टोचून घेऊन
लहान पोरासारखा ओरडला. सगळ्या हसल्या.

मलावीची चिमवेमवे सगळ्यात शेवटी आली.
तिच्या पिशवीत आईचं चितेंजे, निळं, त्यावर कोंबड्या.
'हेच बांधून आईनं मला पाठीवर वाढवलं.'
कात्री हातात घेतली, खाली ठेवली.
पुन्हा घेतली.
कापताना कापड ओरडतं थोडंसं.
मी ऐकलं ते.

मी तिला दारातनं येतानाच ओळखलं होतं.
दोन वर्षांमागं, जून महिना,
फाटकाशी एक बॅग आणि ही.
मी म्हटलं, खोली गेली.
बोर्ड माझ्या डोक्याच्या वरच लटकत होता :
'खोली भाड्याने देणे आहे.'
तिनं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं,
'थँक्यू काकू' म्हणाली आणि वळली.
बोर्ड पुढं चार महिने तसाच.
मी स्वतःला सांगितलं : फॅमिलीलाच द्यायचं ठरलेलं.
कधी ठरलं, कुणाबरोबर ठरलं,
कुणी विचारलं नाही म्हणून
सांगावं लागलं नाही.

आता तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून.
डोळ्यांना दिसेना, म्हटलं, दोरा ओवून दे गं.
तिनं टोक ओठात ओलं केलं,
एकाच खेपेत ओवलं,
सुई माझ्याकडं देताना, मान वर न करता :
'काकू, तो बोर्ड अजून आहे का?'

टाका वाकडा गेला. मी म्हटलं, 'हाय.'
'मला खोली मिळाली, सागरमाळला, इबतिसामबरोबर.
सहज विचारलं.'

हुसेनबीनं माझ्या टाक्यावर बोट ठेवलं.
'उसव. दिसतोय तो.'
मी उसवला. भोकं राहिली.
चिमवेमवेनं चितेंजेचं टोक जरा पुढं सरकवलं,
भोकं झाकली की जागा कमी पडत होती म्हणून,
मी विचारलं नाही.

खाली हलगी कडाडली.
हुसेनबीच्या नातवानं दमाम काढला,
आधी हळू, मग जिना उतरूनच गेला.
दोन्ही चामड्यांचं भांडण लागलं की गट्टी,
मिनिटभर काही कळेना,
मग इंद्रजितचे पाय आपोआप हलायला लागले.

मधोमध वीतभर जागा उरली तेव्हा
हुसेनबीनं मूठभर तांदूळ मागितले.
'शिवून बंद करायच्या आधी पोट भरायचं हिचं.
उपाशी वाकळ कुणाला ऊब देणार?'
ज्यानं त्यानं चिमूट चिमूट टाकली.
शेवटी चार कोपऱ्यांना चार फुलं,
त्यांच्याबिगर वाकळ नागडी, म्हणाली.
मांजरपाटाचा चौकोन कोराच ठेवला.

रात्री घरी आले. स्टुलावर चढून बोर्ड काढला.
खिळा निघाला नाही.
भिंतीवर बोर्डाएवढी जागा
बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ राहिलीय,
येता-जाता दिसते.